चौदा किलो सीडी

मागच्या शनिवारी सकाळी बायकोने बॅगा तोलायचा तो हुकवाला काटा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे तुझं तूच तोल."

'हे' म्हणजे माझ्या सीडी.

झालंय असं की टोकियोतलं माझं प्रोजेक्ट संपलं. तीन वर्षांनी आम्ही पुण्याला परत चाललोय. विमानात माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, म्हणजे दोघांचे मिळून ९२ किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण तीन वर्षांत दोन माणसं किती पसारा जमवतात ते आवरायला काढल्याशिवाय कळत नाही. मी सीडी दोन पिशव्यांत भरून तोलल्या. नग १४२, वजन चौदा किलो दोनशे ग्रॅम. वर प्लेअर साडेसहा किलो. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण बॅग.

"यातली सगळी गाणी तुझ्या लॅपटॉपवर आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

आता या 'मग?'ला काय उत्तर द्यायचं! प्रश्न अगदी रास्त होता. मी "बघतो" म्हणालो (नवऱ्यांचं जगन्मान्य उत्तर) आणि आठवडाभर खरंच बघत बसलो. आजचा लेख म्हणजे त्या 'मग?'चं उत्तर. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवातीलाच सांगतो, मी काही सीडीच्या जमान्यातला माणूस नाही. आमच्या पिढीला सीडी दिसली ती थेट कंप्युटरच्या ड्राईव्हमध्ये. दादाने नीरोवर बर्न केलेली, वर परमनंट मार्करने 'किशोर हिट्स २' असं लिहिलेली, आत दीडशे एमपी३. ती वाचेनाशी झाली की गावी आजोबांच्या शेतात जायची. ज्वारीच्या रानात दोऱ्याला टांगलेल्या सीडी उन्हात चमकायच्या आणि पाखरं म्हणे घाबरायची. ओरिजिनल, दुकानातून विकत घेतलेली म्युझिक सीडी आमच्या घरात एकही नव्हती. त्यामुळे 'बालपणीच्या आठवणींसाठी जमवतो' हे कारण मला वापरता येत नाही.

माझं वेड सुरू झालं ते अपघाताने. इथे जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानांत एक 'जंक' नावाचा कोपरा असतो. जंक म्हणजे चालेल की नाही ते आम्ही तपासलेलं नाही, परत घेणार नाही, घ्यायचं तर घ्या. मी गेलो होतो कीबोर्ड शोधायला. तिथे १९८६ सालचा एक सीडी प्लेअर पडला होता. किंमत ११०० येन, म्हणजे दोघांच्या साध्या जेवणापेक्षा स्वस्त. उचलला तर हाताला झोल बसला. आजच्या वस्तू उचलायची सवय झालेल्या हाताला ते वजन अनोळखी होतं.

घरी आणला, लावला, ट्रे उघडेना. झाकण काढलं. ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल पडून गुळगुळीत झाला होता आणि लेझरचा गाडा ज्या दांड्यावरून सरकतो त्याच्यावरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. पट्टा तीनशे येनला मिळाला. जुनं ग्रीस पुसून नवं लावलं, लेन्सवरची तीन-चार दशकांची धूळ कापसाने हलकेच टिपली. रविवारी संध्याकाळी शंभर येनच्या खोक्यातून आणलेली जाझ पियानोची एक सीडी घातली. ट्रे आत गेला, आतून 'झ्झिक् झ्झिक्' असा आवाज आला, डिस्प्लेवर ट्रॅकची संख्या उमटली आणि गाणं सुरू झालं. माझ्या जन्माच्या अकरा वर्षं आधीचं मशीन! मी आतापर्यंत लिहिलेल्या कोडपैकी एक ओळ तरी इतकी टिकेल का, असा विचार मनात आलाच.

त्यानंतर वाचायला बसलो आणि बुडालो.

१ ऑक्टोबर १९८२ ला सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला, किंमत १ लाख ६८ हजार येन. हे '१०१' म्हणजे द्विमान पद्धतीतलं पाच. मधल्या दर्जाचं मॉडेल म्हणून पाच! त्याच दिवशी दुकानात आलेल्या पहिल्या पन्नासेक सीडींमध्ये बिली जोएलच्या '५२एनडी स्ट्रीट'चा नंबर होता ३५डीपी-१. इकडे युरोपात फिलिप्सच्या गटातल्या पॉलिग्रॅमने हॅनोव्हरजवळच्या कारखान्यात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲबाचा 'द व्हिजिटर्स' छापायला घेतला होता. एक प्रमाण, दोन कंपन्या, दोन देश. आणि त्या प्रमाणात जे आकडे आहेत ना, त्यांतला प्रत्येक आकडा म्हणजे एक गोष्ट आहे.

उदाहरणार्थ ४४,१००. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे इतके नमुने घेतलेले असतात. ४४,००० का नाही? कारण तेव्हा इतका डिजिटल डेटा साठवायला परवडण्यासारखी एकच गोष्ट होती, व्हिडिओ टेप. आवाजाचे नमुने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्र म्हणून टेपवर लिहायचे. अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, फील्डमध्ये वापरता येण्याजोग्या २४५ रेघा, रेघेत ३ नमुने. गुणाकार करा, ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० फील्ड, २९४ रेघा, ३ नमुने. गुणाकार करा, पुन्हा ४४,१००! दोन्हीकडे चालेल असा आकडा. लेगसी सिस्टिमशी जुळवून घेण्याची आमच्या धंद्यातली रडकथा तेव्हाही होतीच.

किंवा फिलिप्सची गोष्ट घ्या. त्यांनी १४ बिटची चिप बनवत आणलेली, आणि प्रमाण ठरलं १६ बिटचं. आता? चिप फेकून द्यायची? त्यांनी तीच चिप चौपट वेगाने, १७६.४ किलोहर्ट्झला पळवली आणि राउंडिंगमध्ये उरलेली चूक पुढच्या नमुन्यात वळती करत नेली. १४ बिटच्या चिपमधून १६ बिटच्या तोडीचं काम! फिलिप्सच्या सीडी१०० ची ही युक्ती. सोनीने आपल्या पहिल्या मॉडेलमध्ये दुसरीकडे काटकसर केली होती. कन्व्हर्टर एकच, तो डाव्या आणि उजव्या बाजूला आळीपाळीने वाढायचा, त्यामुळे दोन बाजूंत साधारण ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडायचा. (कानाला कळतो का? शून्य.) रिलीजची तारीख गाठायला काय काय करावं लागतं ते त्यांनाही चुकलं नव्हतं. आणि मधलं भोक १५ मिलिमीटरचं, हॉलंडमधल्या तेव्हाच्या दहा सेंटच्या नाण्याएवढं.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चूक दुरुस्ती. सीडीवर गाणं सरळ लिहिलेलं नसतं. डेटा विस्कटून, दूरदूर पसरवून, सोबत जास्तीचे आकडे देऊन लिहितात. ओरखडा पडला तर एका ठिकाणचं सलग काही जात नाही, ठिकठिकाणचं थोडं थोडं जातं आणि ते गणिताने भरून काढता येतं. साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा सलग खड्डा असला तरी मूळ डेटा जसाच्या तसा परत मिळतो. यामागचं रीड आणि सोलोमन यांचं गणित १९६० सालचं. पाणीपुरीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड तेलकट, कोपरा फाटलेला असला तरी स्कॅन होतो ना? तेच गणित. (जाता जाता: सीडी पुसताना गोल गोल पुसू नका. मधून कडेकडे सरळ पुसा. सरळ ओरखडा अनेक फेऱ्यांना थोडा थोडा लागतो, गोल ओरखडा एकाच फेरीचा सलग घास घेतो.)

असो. तंत्राचं कौतुक वेगळं आणि जमवण्याचं वेड वेगळं. दुसरं कधी लागलं ते मला कळलंही नाही.

सुरुवातीच्या सीडी जमवणाऱ्यांचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. जपानी सीडीच्या नंबरात पहिले दोन आकडे ३५ किंवा ३८ असले की ती मूळ ३५०० किंवा ३८०० येनला विकली गेलेली, म्हणजे जुनी. डाव्या कडेला गुंडाळलेली कागदी पट्टी, तिला 'ओबी' म्हणतात, ती शाबूत असली की भाव वाढतो. पट्टीवर करासकट किंमत छापली असेल तर ती एप्रिल १९८९ नंतरची, कारण तेव्हा जपानात ३ टक्के उपभोग कर आला. डब्याच्या कडा दातेरी नसून गुळगुळीत असतील तर डबासुद्धा 'कलेक्टेबल'! पश्चिम जर्मनीत छापलेल्या, नेमबाजीच्या निशाणासारखं चित्र असलेल्या वॉर्नर गटाच्या सीडींना 'टार्गेट' म्हणतात. त्या दिसल्या की शहाणी माणसंही खिसा चाचपतात. आणि बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची तोशिबा-ईएमआयने १९८३ मध्ये जपानात काढलेली सीडी, सीपी३५-३०१६, ही तर या पंथाची काशी. ती बाजारातून मागे घेतली गेली. बीटल्सच्या सीडी जगभर अधिकृतपणे आल्या त्या १९८७ मध्ये.

या शास्त्रात माणूस भिंग घेऊन सीडीच्या आतल्या चकचकीत कड्यावरचे बारीक आकडे वाचायला लागतो. मी वाचायला लागलो. मग एक दिवस एक 'टार्गेट' नऊ हजार येनला घेतली. घरी सांगताना एक शून्य गाळलं. (हे वाचल्यावर ते कळणारच आहे, पण लेखात खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय.)

तोच अल्बम माझ्याकडे आधीपासून होता. काही वर्षांनंतरची, साधी चंदेरी, तीनशे येनची कॉपी. दोन्ही आलटून पालटून ऐकल्या. टार्गेटमध्ये 'जास्त हवा' वाटली, 'खोली' वाटली. दोन आठवडे मी त्या हवेत होतो. मग एका पावसाळी शनिवारी इंजिनिअर जागा झाला. दोन्ही सीडी लॅपटॉपवर नीट उतरवून घेतल्या, सुरुवातीचा काही नमुन्यांचा सरकवा जुळवून घेतला आणि फाईलींची तुलना केली.

एका बिटचाही फरक नाही. एकाही गाण्यात.

नऊ हजार येनमध्ये मला तीनशे येनचं संगीत मिळालं होतं आणि ८७०० येनचं चित्र. हवा माझ्या डोक्यात होती.

इथे कुणी सच्चा संग्राहक असेल तर म्हणेल, "अरे बाबा, संगीत बिटांत नसतं." मान्य! पण सीडीवर दुसरं काय असतं? तबकडी जुनी झाली की एलपीचा आवाज बदलतो, टेपचा बदलतो. सीडीचा सगळा खटाटोपच मुळी यासाठी होता की तो बदलू नये. ज्या वस्तूचा मोठेपणाच हा की पहिली आणि दहा लाखावी प्रत सारखीच वाजते, तिच्या पहिल्या प्रतीची पूजा मांडणं म्हणजे त्या शोधालाच न समजून घेणं आहे.

मग काय, सगळं थोतांड? थांबा. दुसरी बाजूही माझ्याच घरात घडली.

३८ने सुरू होणाऱ्या नंबरची, तंतुवाद्यांच्या चौकडीची एक जुनी जपानी सीडी घेतली होती. लॅपटॉपवर उतरवून ऐकली तर व्हायोलिन कानात टाचणीसारखं टोचायचं. मला वाटलं, सुरुवातीच्या डिजिटल रेकॉर्डिंगला सगळे 'कर्कश' म्हणायचे ते हेच. ठेवून दिली. काही महिन्यांनी सहज ती त्या जंक प्लेअरमध्ये घातली आणि बघतच राहिलो. व्हायोलिन मऊ, लाकडी, जिथल्या तिथे. आता हे काय?

शोधलं तेव्हा उत्तर मिळालं: प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या बऱ्याच सीडींवर वरच्या पट्टीचे सूर मुद्दाम वाढवून लिहिलेले असत. प्लेअरने ते तेवढेच कमी करून वाजवायचे, म्हणजे त्याबरोबर कन्व्हर्टरची खरखरही कमी होते. 'ही सीडी तशी आहे' हे सांगणारा एक फ्लॅग डेटाच्या सोबत ठेवलेला असतो. पुढे कन्व्हर्टर सुधारले, युक्तीची गरज संपली आणि फ्लॅगही विस्मरणात गेला. काही सीडींवर तो फक्त सबकोडमध्ये असतो आणि तिथे बघायचं गाणी उतरवणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरना सुचतच नाही. माझ्या सॉफ्टवेअरलाही सुचलं नव्हतं. १९८६च्या मशीनला मात्र पाठ होतं.

विचार करा, किती लोकांनी अशा सीडी उतरवून, "शी, जुन्या सीडी कर्कश असतात," म्हणून मूळ डबे विकून टाकले असतील. त्यांच्याकडे आता आहे ती चुकीची प्रत, आणि ती चुकीची आहे हे सांगणारा फ्लॅग गेला डब्याबरोबर. (उपाय सोपा आहे. सॉक्स नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते वाढवलेले सूर उतरवायचा फिल्टर आहे. पण त्यासाठी आधी कळायला हवं ना!)

या प्रकारानंतर माझा प्लेअरवरचा विश्वास इतका वाढला की मी पुन्हा हवेत गेलो. 'जुन्या प्लेअरचा आवाजच वेगळा' वगैरे सांगत फिरायला लागलो. तेव्हा बायको म्हणाली, "एवढं आहे तर घे ना परीक्षा. मी बटण फिरवते." बायकोही इंजिनिअर असली की हे असं होतं.

प्री-एम्फसिस नसलेली सीडी घेतली. एकीकडे जुना प्लेअर, दुसरीकडे त्याच सीडीची फाईल लॅपटॉपवर, सोबत एक स्वस्तातला यूएसबी कन्व्हर्टर. दोघांचा आवाज मल्टीमीटर लावून सारखा केला. हे अत्यावश्यक, कारण किंचित मोठं वाजतं ते कानाला नेहमी चांगलंच वाटतं. मी पाठ करून बसलो. सोळा फेऱ्या. किमान बारा बरोबर आले तरच 'फरक कळतो' म्हणायला जागा, असं आधी ठरवलं.

माझे बरोबर आले नऊ. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

तर हिशेब असा: कड्यावरचे आकडे, निशाणाचं चित्र, गुळगुळीत डबा यांनी आवाजात काही फरक पडत नाही. चांगल्या स्थितीतला जुना प्लेअर आणि आजचा स्वस्त कन्व्हर्टर यांत मला तरी फरक सांगता आला नाही. मग चौदा किलो कशासाठी?

उत्तर आमच्या धंद्यातलंच आहे: व्हर्जन हिस्टरी.

एखादं जुनं हिंदी गाणं ॲपवर शोधून बघा. बऱ्याचदा वरती येतं ते 'झंकार बीट्स'वालं. मूळ तबल्यावर कुणीतरी नंतर ठोकून बसवलेला ढिंगच्यॅक. शेजारी 'रिमास्टर्ड', त्याच्या शेजारी आणखी काहीतरी. कोणतं मूळ, कोणतं कधी बदललं, कुणी बदललं, काही पत्ता नसतो. इंग्रजी गाण्यांचंही तेच, फक्त जरा सभ्यपणे. नव्वदीच्या दशकापासून आवाज मोठा करायची चढाओढ लागली. १६ बिटमध्ये हळू आणि मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं, आणि आपण ढोलाची थाप कापून सगळंच छतापर्यंत भरायला लागलो. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ मध्ये आला तेव्हा चाहत्यांनीच तक्रार केली की सीडीपेक्षा 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली गाणी बरी वाजतात, कारण तिथे ती इतकी दाबलेली नव्हती. जुने अल्बम रिमास्टर करताना त्यातल्या कितीतरींची हीच गत झाली. आता स्ट्रीमिंगवाले सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणतात, त्यामुळे मोठं करण्यात फायदा राहिला नाही. पण एकदा कापलेली थाप परत येत नाही.

आणि स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा मिळतं ते शेवटचं व्हर्जन. जुनं कधी काढून टाकलं ते कुणी सांगत नाही. उद्या कुणी आपल्या रिपॉझिटरीतले जुने सगळे कमिट पुसून टाकले आणि म्हणाला, "लेटेस्ट आहे ना, मग?", तर आपण त्याला ऑफिसात उभं करू का? पण गाण्यांच्या बाबतीत हेच रोज चाललंय आणि आपण महिन्याचं वर्गणीचं बिल भरतोय.

सुरुवातीची सीडी म्हणजे अशा पुसल्या जाणाऱ्या इतिहासातला एक कमिट. तो बदलता येत नाही, म्हणून महत्त्वाचा. लक्षात घ्या, 'पहिला म्हणून उत्तम' असं मी म्हणत नाहीये. घाईघाईत एलपीसाठी बनवलेल्या टेपच्या टेपवरून काढलेल्या कितीतरी जुन्या सीडी खरोखर मुक्या, धूसर आहेत आणि त्यांचं नंतरचं रिमास्टर कित्येक पटींनी चांगलं आहे. पण ते ठरवायला दोन्ही समोर हवेत. आणि गंमत म्हणजे यासाठी नऊ हजार येन लागत नाहीत. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) हा दहा लाख सीडी खपलेला पहिला अल्बम. इतक्या छापल्या गेल्या की जुनी कॉपी आजही कुठल्याही खोक्यात चहाच्या भावात मिळते.

म्हणून मला सगळ्यात राग येतो तो सीलबंद सीडीच्या बाजाराचा. चाळीस वर्षं प्लास्टिकही न फोडलेली सीडी दसपट भावाने विकत घ्यायची आणि कपाटात ठेवायची. आत काय आहे ते विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही. सीडी अमर नसते. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या फिलिप्स-ड्यूपाँटच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान छापलेल्या अनेक सीडी कडेकडून तपकिरी पडत गेल्या. त्यांच्यावरचं संरक्षक लॅकर कमी पडलं आणि पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाने आतली चांदी खाल्ली. म्हणजे सीडीला मारलं ते तिच्याच डब्यातल्या कागदाने! असली सीडी सीलबंद ठेवून तुम्ही नेमकं काय जपताय? न तपासलेल्या बॅकअपला आमच्याकडे बॅकअप म्हणत नाहीत.

माझं मत विचाराल तर जमवणाऱ्याची कामं तीन. वाजवणं. नीट, फ्लॅगसकट उतरवून ठेवणं. आणि जे कळलं ते, कोणत्या कॉपीत कोणतं मास्टर आहे, कशात प्री-एम्फसिस आहे, ते लिहून ठेवणं. या तिन्हीपैकी काहीच करायचं नसेल तर शेअर घ्यावेत. जागा कमी लागते.

तर या हिशेबाने गेल्या रविवारी मी सीडींचे दोन ढीग केले. ज्यांच्यावरचं मास्टर आज दुसरीकडे सहज मिळत नाही, किंवा ज्या प्री-एम्फसिसवाल्या आहेत, त्या एकीकडे. ज्या मी फक्त नंबरासाठी, चित्रासाठी, पट्टीसाठी घेतल्या त्या दुसरीकडे. पहिला ढीग ६४ चा निघाला, दुसरा ७८ चा. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा मी संगीत घेतलंच नव्हतं. हे पचायला जरा जड गेलं.

दुसरा ढीग विकला. त्यात ती टार्गेटही गेली, तीनशेवाली ठेवली. दुकानदाराने टार्गेटचे सहा हजार दिले. तीन हजारांचा तोटा, पण धडा त्यामानाने स्वस्त पडला. ६४ चे डबे काढून टाकले. डबे पुण्यातही मिळतील. सीडी, पुस्तिका आणि ओबी पातळ पाकिटांत घातल्या. काट्याला टांगल्या तर सव्वादोन किलो.

राहिला प्लेअर. साडेसहा किलो. इथली वीज १०० व्होल्टची, पुण्यात २३०, म्हणजे तिथे ट्रान्सफॉर्मर घ्यायला लागणार. चुकून कुणी थेट प्लगात घातला तर धूर. त्याची लेझर एक दिवस थकेल आणि तसा भाग तेव्हा मिळेलच असं नाही. परीक्षेत मला त्याचा आवाज ओळखता आला नाही, हे तर वर कबूल केलंच आहे. नेण्याचं एकही कारण नाही.

नेतोय.

आपल्याकडे म्हणतात ना, हौसेला मोल नाही. मला एवढंच कळलंय की हौसेला पुरावाही लागत नाही. तो लागतो दाव्याला. "या प्लेअरचा आवाज स्वर्गीय आहे" म्हणालो तर मला सोळा फेऱ्यांचा हिशेब द्यावा लागेल. "हा मी माझ्या हातांनी दुरुस्त केलाय आणि त्याचा ट्रे आत जाताना बघायला मला आवडतं" म्हणालो की विषय संपला. गडबड होते ती हौसेला शास्त्राचे कपडे घातले की. मग नऊ हजारांची चित्रं विकत घेतली जातात आणि घरी शून्यं गाळावी लागतात.

बायकोला हे सगळं (बरंच थोडक्यात) सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कपाटातून तिचे जपानी मातीचे बाऊल काढून काट्याला लावले. सात किलो.

"मी तुला विचारलं का, की भात स्टीलच्या ताटलीत वेगळा लागतो का?" ती म्हणाली. "ठेव तो प्लेअर बॅगेत. मध्ये टॉवेल घाल."

चला, बॅगा भरायच्यात. आणि ते 'एक शून्य' तिने हा लेख वाचायच्या आधी मीच सांगून टाकावं म्हणतोय. :)